उरलेलं पाणी

सकाळपासून वेल्कोचं बूड ठरत नव्हतं. तारुण्य व्रात्सा शहराच्या फुटबॉल संघाची बचावफळी सांभाळण्यात गेलं. तो निवृत्त झाल्यानंतरचा संघाचा आज पहिला सामना. "बस की मेल्या, फरशी झिजवशील," मिरच्या भाजणारी आई करवादली. दुपारी तिने तांब्याची चरवी भरली. मुलगा सामन्याला निघाला की ती पायरीवर पाणी ओतायची, म्हणजे खेळ पाण्यासारखा वाहतो. "आई, विसरलीस? मी खेळत नाही आता." "तुझ्यासाठी कोण ओततंय?" शेजारचा किरिल पिशवी घेऊन निघाला होता. वेल्कोच्या जागी तोच खेळणार. त्याची आई इटलीत राबते. म्हातारीने त्याच्या पायरीवर पाणी ओतलं. वेल्कोने तोंड फिरवलं. किरिल कोपऱ्यावर पोचताच मात्र वेल्कोच ओरडला, "त्यांचा अकरा नंबरवाला आत वळतो रे! पाय घालू नकोस!" म्हातारीने उरलेलं पाणी वेल्कोच्या पायाशी ओतलं. "जा, आता तूही."