विहिरीचं पाणी

"आता माझ्या जावेलाही याच पाण्यात बसवा," द्वारकामावशी म्हणाल्या, तेव्हा डॉक्टर नीरजाला मान वर करवेना.

डोंगरातल्या गरम झऱ्यापाशी आरोग्यकेंद्र उभारण्याआधी त्या पाण्याने गुडघेदुखी खरोखर कमी होते का, हे तिला तपासायचं होतं. म्हणून निम्म्या रुग्णांच्या टबात झऱ्याचं पाणी होतं आणि निम्म्यांच्या टबात विहिरीचं, तापवलेलं. कुणाला कोणतं, हे शेवटपर्यंत कळणार नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. मावशींच्या वाट्याला विहीर आली होती.

चाचणी संपली होती. आता लपवणं नीरजाला जमेना. तिने खरं ते सांगून टाकलं.

मावशींनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. "मग माझे गुडघे कशानं बरे झाले, बाई?"

"तुमच्या विश्वासानं, मावशी."

उठताना मावशींनी पुन्हा पूर्वीसारखा भिंतीचा आधार घेतला.

दुसऱ्या दिवशी नीरजाने स्वतः त्यांना झऱ्याच्या पाण्यात बसवलं. शेजारी उकिडवी बसून तिने विचारलं, "बरं वाटतंय का?"

"छान ऊन ऊन आहे की पाणी," मावशी तिची समजूत घातल्यासारखं म्हणाल्या. गुडघ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही.