पहिल्या वर्षाचा फोटो

नोंदणीच्या तंबूत नादीनबाईंनी फळ्यावरचा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि गार्लंडला विचारलं, "हा टोपीवाला तूच ना?"

फोटोत चिखलाने माखलेली चार मुलं होती. मागे पाइनची झाडं आणि खांबावर बसवलेली साखळ्यांची टोपली. चौथ्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती, त्याचं नुसतं हसणं दिसत होतं. खाली कोणाचंच नाव नव्हतं.

तंबूबाहेर निरनिराळ्या कॉलेजांची पोरं डिस्क गोल्फच्या चकत्या टोपल्यांत फेकून हात मोकळे करत होती. साखळ्या खळखळत होत्या. शेवटची फेरी सुरू व्हायला अर्धा तास होता. दोन दिवसांच्या खेळानंतर गार्लंडचा संघ दुसरा होता; कमीत कमी फेकींत टोपल्या गाठायच्या या खेळात पहिल्यापेक्षा दोनच फेकींनी मागे. संघातले तिघे विशी-एकविशीचे, आणि गार्लंड अडतिसाचा. पंधरा वर्षं विजेच्या खांबांवर काढून तो राहिलेली पदवी पुरी करायला कॉलेजात परतला होता. पोरं त्याला आजोबा म्हणत.

वयाची अडचण नव्हती. नियम हंगामांचा होता. कॉलेजकडून कोणालाही चारच हंगाम खेळता येत, पाचवा नाही. कागदोपत्री गार्लंडचे जुने तीन होते, हा चौथा. पण तिसऱ्या क्रमांकावरच्या संघाच्या प्रशिक्षकाने सकाळी फळ्यावरचे जुने फोटो बघितले आणि गार्लंडचा हा पाचवा हंगाम असावा अशी शंका नोंदवली. हा फोटो स्पर्धेच्या पहिल्या वर्षाचा, अठरा वर्षांपूर्वीचा. त्या वर्षीची खेळाडूंची वही पावसात भिजून लगदा झाली होती. आता विचारायचं तर गार्लंडलाच.

नादीनबाई पहिल्या वर्षापासून याच टेबलाशी बसत आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या वर्षी बरीच मुलं नुसती सोबत यायची," त्या सावकाश म्हणाल्या. "पिशव्या उचलायला, गाडी चालवायला. त्यांचा हंगाम धरत नाही आम्ही."

संघाचा कप्तान टोबिन शेजारीच उभा होता. त्याच्या लगेच लक्षात आलं. "तसंच असणार," तो म्हणाला. "आजोबा, तुम्ही गाडी चालवायला आला असाल. सांगा ना त्यांना."

गार्लंड फोटोकडे बघत राहिला. फोटोत त्याचा हात लाइलच्या खांद्यावर होता. लाइलच्या आईची गाडी घेऊन आले होते ते, एक दार दोरीने बांधलेलं. झोपले गाडीतच. चौघांत मिळून सात चकत्या, त्यातल्या दोन पहिल्याच दिवशी तळ्यात गेल्या. शेवटून दुसरे आले आणि परतीच्या वाटेवर घसा बसेपर्यंत गात राहिले. लाइलला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. बाकीचे दोघे कुठे असतात, ते गार्लंडला ठाऊक नव्हतं.

"गाडी लाइल चालवत होता," तो म्हणाला. "मी खेळत होतो. चौथा मीच."

टोबिनने अगदी हळू आवाजात विचारलं, "मग फॉर्मवर तीन का लिहिलेत?"

"स्पर्धेच्या यादीत माझे तीनच हंगाम होते. मी गप्प बसलो. मला अजून एकदा खेळायचं होतं रे."

टोबिन तंबूतून निघून गेला.

पुढचं नादीनबाईंनी समजावलं. संघाचं नाव यादीतून जाणार, तिघांना मात्र शेवटची फेरी एकेकट्याने खेळता येईल. त्यांनी तक्त्यावरच्या नावावर रेघ ओढली. मग फोटो उलटा करून गार्लंडपुढे सरकवला आणि पेन दिलं. नावं लिही म्हणाल्या, इतकी वर्षं बिननावाचा पडून आहे. गार्लंडने आधी लाइलचं नाव लिहिलं. तिसऱ्याचं आडनाव काही केल्या आठवेना, तेव्हा त्याने नुसतंच पहिलं नाव लिहिलं. शेवटी स्वतःचं लिहिलं, पूर्ण.

फेरीभर तो प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून पोरांच्या मागे चालत राहिला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. टोबिनच्या सोप्या फेकी दोनदा टोपलीच्या कडेला लागून परत आल्या. एकेरीत तो नववा आला, बाकीचे दोघे त्याच्याही खूप मागे. करंडक भलत्याच पोरांनी उचलला. टाळ्या वाजल्या. गार्लंडनेही वाजवल्या.

उन्हं कलली तेव्हा तो व्हॅनमध्ये सामान भरत होता. तिघे येऊन मागच्या बंपरवर बसले. टोबिन बुटांतला चिखल काडीने उकरत होता.

"अकरा तास एकाच गाडीत बसायचंय," तो शेवटी म्हणाला. "काहीतरी बोलावंच लागेल."

गार्लंडने मान हलवली. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, पण टोबिनने हाताने थांबवलं.

"तो लाइल चांगला फेकायचा का?"

"वाईट," गार्लंड म्हणाला. "फारच वाईट. पण फेकताना असा काही दिसायचा की समोरचे घाबरायचे."

एका पोराला हसू फुटलं. कसं ते दाखवा, असं ते म्हणालं.

गार्लंडने हातातली पिशवी खाली ठेवली. तो गवतावर तिरका उभा राहिला. उजवा हात छातीशी आडवा घेतला, लाइलसारखी तीन लांब पावलं टाकली, शेवटच्या पावलाला ती त्याची उगाचची उडी, आणि सगळं अंग झोकून हात सोडला.

हातात चकती नव्हती. तरी तिघांनीही माना वर करून पाइनच्या शेंड्यांकडे बघितलं.