टपोऱ्याचा डोळा

डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि निळ्या उजेडाची बॅटरी टपोऱ्याच्या उजव्या डोळ्यावर धरली. मघाशी डोळ्यात सोडलेला रंग बुबुळावर एकाच जागी साचला होता. मोहरीएवढा हिरवा डाग.

"हलू देऊ नका," त्या म्हणाल्या.

टपोऱ्या म्हणजे शुगर ग्लायडर. मुठीत मावेल एवढा जीव, पायांमधली कातडी ताणून कपाटावरून थेट पडद्यावर तरंगत जाणारा, आणि तोंडापेक्षा डोळेच मोठे. सुनेने त्याला मऊ टॉवेलात गुंडाळून धरलं होतं. सासरे भिंतीकडच्या बाकावर बसले होते.

"ओरखडा साधाच असणार. पिंजऱ्याची तार वगैरे लागली असेल. पण आठवडा तरी झालाय याला, आणि भरायचं सोडून खोल गेलाय. अजून खोल गेला तर डोळा काढावा लागेल."

"आठवडा? मला तर काल दिसला!"

सुनेने टॉवेल आणखी जवळ घेतला. टपोऱ्या तिच्या लेकीचा. लेक शिकायला बाहेरगावी गेली, ती त्याला आईच्या ओंजळीत ठेवून. तेव्हापासून आईने घराचा नुसता किल्ला करून टाकला होता. घरातल्या माणसांना घामाच्या धारा लागोत, टपोऱ्या मोकळा असताना पंखा फिरायचा नाही म्हणजे नाही.

"टॉयलेटचं झाकण कायम बंद असतं," कुणी विचारायच्या आत तिने सुरुवात केली. "खिडक्यांना जाळ्या. फिनेल बंद, सेंट बंद. काटेरी कुंड्या शेजारच्यांना देऊन टाकल्या. अजून काय करायचं माणसाने?"

"डोळ्यात काही घातलंत?"

"छे! मनाने कशाला घालू?"

"मी घातलं," बाकावरून आवाज आला.

सासरे उठले आणि शर्टाच्या खिशातली छोटी बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेले थेंब आहेत. याचा डोळा माझ्यासारखाच लाल दिसला. म्हटलं, दुखणं एक तर औषधही एकच असणार. दिवसातून चार वेळा घालतोय. घड्याळ लावून."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "आजोबा, हे सूज उतरवायचं औषध आहे. तुम्हाला चालतं. पण ओरखड्यावर घातलं तर जखम भरतच नाही, वाढते."

"बाबा!" सुनेचा बांध फुटला. "मी इकडे पंखा बंद करून बसले, आणि तुम्ही... पोरीला आता काय सांगू मी?"

सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, असं काहीसं ते पुटपुटले आणि पुन्हा बाकावर टेकले.

"रागवून डोळा बरा होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी दिवा लावला, दुसरे थेंब लिहून दिले, दर चार तासांनी घाला म्हणाल्या, परवा दाखवायला बोलावलं. वाचेल की नाही, ते परवाच कळणार होतं. मग सासऱ्यांची बाटली परत देता देता त्यांनी ती उजेडात धरली.

"ऑपरेशनला किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आणि ही बाटली कितवी?"

"पहिलीच की."

"ही तर अर्धीसुद्धा संपली नाही."

सुनेने बाटलीकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या तोंडाकडे. ऑपरेशन झालेला डोळा लालभडक होता, कडेने पाणी गळत होतं. ती रोज सकाळी दारातून विचारायची, "बाबा, थेंब घातले का?" ते "हो" म्हणायचे आणि ती जिना उतरायची. तीन आठवड्यांत तिने तो डोळा एकदाही नीट पाहिला नव्हता. तिला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून आवाज आणखी चढला.

"रोज हो म्हणता ना मला?"

"पहिले दोन दिवस घातले गं. आडवा होऊन घालायला गेलो की पापणी मिटते. थेंब गालावर, नाहीतर कानात. नेमच लागत नाही."

"मग हाक मारायची ना मला!"

"तू घाईत असतेस."

"आणि याला मात्र चार-चार वेळा घालत बसलात!"

सासऱ्यांनी पुढे होऊन टॉवेलातल्या टपोऱ्याच्या पाठीवरून एक बोट फिरवलं.

"त्याला कुणीतरी घालायला नको का? एकट्याला नाही जमत गं ते."