उड्डाणाची दृश्ये

गौरांग आला तेव्हा शैलेंद्र त्या दिवशीच्या सहाव्या कॉमिक्स-अंकाची समीक्षा लिहीत होते. त्या अंकातही शहर कोसळत होते. दोन महिन्यांपूर्वी मेलेला महानायक पुन्हा जिवंत झाला होता. शैलेंद्रांनी पहिले पान पाहिले, शेवटचे पान पाहिले आणि संगणकावर लिहिले, ‘वापसी दमदार है।’ मग डोळे मिटून बोटांनी पापण्या दाबल्या. ते नोकरीला होते त्या रेल्वेच्या कार्यालयाला सुटी असे ती रविवारची, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत एका हिंदी संकेतस्थळावर नऊ नव्या कॉमिक्सच्या समीक्षा चढवायच्या असत. हे अठरा वर्षे चालले होते.

“ये, बस,” ते म्हणाले. “पाहिलीस ना समीक्षा? चार तारे दिलेत तुला.”

गौरांग दोन घरे सोडून राहत असे. गेल्या आठवड्यात निघालेला त्याचा पहिला अंक त्याने स्वतःच लिहिला होता आणि त्यातली चित्रेही स्वतःच काढली होती. तो समोरच्या खुर्चीवर बसला आणि त्याने मोबाइल पुढे केला.

“काका, प्रकाशकाचा मेसेज आला. वाचा जरा.”

शैलेंद्रांनी वाचले. ‘बधाई हो। समीक्षक को उड़ान के दृश्य सबसे ज़्यादा पसंद आए हैं। अगले अंक में नायक को पूरे समय उड़ाइए। आप नहीं कर सकते तो कल तक बता दीजिए, दूसरे चित्रकार को दे देंगे।’

“मग? चांगलंच आहे की.”

“काका, तो उडत नाही.”

शैलेंद्रांना आधी कळले नाही. “कोण?”

“माझा नायक. उडतच नाही तो. त्याची शक्ती गेली आहे. अंकभर जमिनीवर आहे. सिहोऱ्याला जातो तर बसनं जातो, तिकीट काढून.”

“पण पहिल्याच पानावर तो आकाशात होता.”

“पडत होता, काका.”

आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी मीराताई मटार सोलत होत्या. शेंगा मोडण्याचा आवाज थांबला.

“काहून हो,” त्यांनी तिथूनच विचारले, “वाचलं नव्हतं का तुम्ही?”

शैलेंद्रांनी मोबाइल गौरांगला परत दिला.

“अच्छा,” मीराताई म्हणाल्या. “शेजारच्या पोराचंही नाही.” शेंगा पुन्हा मोडू लागल्या.

गौरांगच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शैलेंद्रांना सोपे गेले असते. “मी फोन केला होता प्रकाशकांना,” तो म्हणाला. “सांगितलं, भैया, समीक्षकांची काही चूक झाली असेल. ते हसले. म्हणे, अठारह साल से लिख रहे हैं, उनसे गलती होगी क्या?”

शैलेंद्रांनी ढिगातून त्याचा अंक शोधून काढला. चोवीस पाने. ‘उद्या बघतो’ हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. मान दुखत होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटत होते, आणि तीन अंक अजून हातही न लावता पडले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

पडलेला नायक उठला. त्याने गुडघे झटकले. कुणी पाहत नाही अशी खात्री करून तो रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढे, हात पसरी, आणि तसाच जिन्याने खाली उतरे. एके दिवशी सिहोऱ्याच्या बसमध्ये त्याने गाठोडे घेतलेल्या एका म्हातारीला जागा दिली आणि तो दांडा धरून उभा राहिला. त्याची पाठीवरची केप बसच्या दारात अडकली होती. म्हातारी म्हणाली, “शादी से आ रहे हो का, भैया?”

शैलेंद्र हसले. मग त्यांनी एक पान मागे उलटले आणि म्हातारीचा चेहरा पुन्हा पाहिला. आपण याआधी पान मागे कधी उलटले होते, हे त्यांना आठवेना.

वाचून झाल्यावर ते संगणकाकडे वळले. समीक्षा उघडून तिच्या डोक्यावर त्यांनी सावकाश लिहिले, ‘यह समीक्षा मैंने अंक पढ़े बिना लिखी थी। नायक कहीं नहीं उड़ता। उसे उड़ा दिया गया तो यह कहानी नहीं बचेगी।’

मीराताई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पडद्यावरचे वाचले. “हे चढवाल, तर ठेवतील का ते साइटवाले तुम्हाला?”

“बहुतेक नाही ठेवणार.”

शैलेंद्रांनी बटण दाबले.

मजकुराखाली चार तारे अजून पिवळे दिसत होते. त्यांनी एक विझवला. थोडा विचार केला आणि आणखी अर्धा विझवला.

गौरांग पुढे झुकला. “काका, अडीच?”

“शेवटची चार पानं घाईत काढलीस तू,” शैलेंद्र म्हणाले. “बसमधली सगळी माणसं तिथं एकाच चेहऱ्याची झाली. म्हातारीसुद्धा. आधी कशी होती ती!”

गौरांगचा चेहरा उतरला. टेबलावर शैलेंद्रांचा फोन वाजू लागला. संकेतस्थळाच्या संपादकाचे नाव उमटले, विझले, पुन्हा उमटले. गौरांगने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, अंक हातात घेतला आणि ती चार पाने उघडून दोघांच्या मध्ये धरली.

“कोणते चेहरे, काका?” तो म्हणाला. “बोट ठेवून दाखवा.”