दोन घरचा पाहुणा

चादरीचं एक टोक थोरलीच्या हातात, दुसरं धाकटीच्या, आणि मध्ये शेठ. चांगला धिप्पाड कुत्रा, पण मान अशी लोंबत होती की बघवेना. दोघी जावांनी त्याला दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं आणि दोन बाजूंना उभ्या राहिल्या. धाप दोघींनाही लागली होती. पण एकमेकींकडे बघतील तर शपथ!

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सकाळी उठलाच नाही," थोरली म्हणाली. "आठवडाभर झिंगल्यासारखा चालत होता. आज तर पायच टेकेना."

धाकटी शेठच्या कानाशी वाकली. "शेठ, सांग ना, काल रात्री जेवलाही नाहीस ते."

जनावराच्या आडून बोलणारी माणसं डॉक्टरीणबाईंना नवीन नव्हती. पण इथे निरोप्याच आडवा झाला होता. त्यांनी शेठचा ओठ उचलून हिरडी पाहिली, छातीला नळी लावली. श्वास संथ, फारच संथ. मागे फिट आल्या म्हणून त्यांनीच गोळ्या दिल्या होत्या. आता दुखणं वाढलं असेल, तर औषध वाढवायला हवं. दुसरंच काही असेल, तर तेच औषध त्याला संपवेल. आधी नक्की काय ते कळायला हवं होतं.

"गोळी चुकली होती का?"

"छे हो! सकाळ-संध्याकाळ, न चुकता," थोरली ताडकन म्हणाली. "माझ्या हाताने देते. सायीत घालून."

धाकटीचा हात शेठच्या पाठीवर थबकला. तोंडावरचा रंग उडाला.

"शेठ," ती पुटपुटली, "तुला तर मी देत होते ना रे?"

डॉक्टरीणबाईंनी नळी कानातून काढली. "गोळ्यांची पट्टी कुणाकडे असते?"

"जिन्याखालच्या फळीवर," धाकटी म्हणाली. "ती दोघींची आहे. मला वाटलं, यांच्या कुठलं लक्षात राहतंय."

"आणि मला वाटलं, हिला सकाळी उठायला उशीर होतो," थोरलीही डॉक्टरीणबाईंनाच म्हणाली.

"गोळ्या भराभर संपत होत्या. एकीनेही विचारलं नाही?"

दोघींनी खाली पाहिलं. विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

"धन्य आहे तुमची! दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा दोन घरचं खाऊन आडवा झालाय." बोलता बोलता बाईंनी शेठच्या पायावरचे केस कातरले आणि शीर चाचपायला घेतली. "आज कुणी काय दिलं, ते ठरवा आधी. माझे हात अडकलेत. आणि कुत्र्याच्या कानात सांगू नका, त्याला ऐकू येत नाहीये. एकमेकींना विचारा."

बाईंना शीर सापडली. मग धाकटीने मान वर केली.

"वहिनी, आज दिलीत?" आवाज गंजलेल्या कडीसारखा करकरला.

"दिली. उठेना म्हणून चमच्यात विरघळवून घातली. तू?"

"मीपण."

"अगं बाई!" थोरली मटकन स्टुलावर बसली. "मारला गं आपण त्याला."

"कुणी मारलं नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सलाईन सुरू झालं होतं. "आता गोळी बंद, मी सांगेपर्यंत. हृदय दणकट आहे. शेठ उठतो."

दुसरी बाटली निम्मी झाली, तेव्हा शेठचा कान हलला. मग शेपटी टेबलावर एकदाच आपटली. धाकटीला रडूच फुटलं. थोरलीने आपला रुमाल तिच्या हातात कोंबला.

"पुन्हा सुरू करू, तेव्हा गोळी एकीनेच द्यायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोण देणार?"

"ही देईल."

"नको, वहिनींनाच जमतं."

"मला कशाला? तुझ्याच दारात तर पडलेला असतो."

"तुम्ही दार लावून घेता म्हणून!"

"मी? दार मी लावते?" थोरली उठून उभी राहिली. "तुझी आई गेली त्या दिवशी कुणी लावलं होतं? कितीतरी वेळ बाहेर उभी होते मी. नाही उघडलंस."

धाकटीच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"तुम्ही... आला होतात?"

डॉक्टरीणबाईंनी शेठची नाडी पाहिली, सलाईनची धार जराशी कमी केली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. बाकावर कान खाजवणारी मांजर मांडीवर घेतलेले एक गृहस्थ लगबगीने उठले.

"कुत्रा वाचला का हो?"

"वाचला."

"मग आम्ही येऊ आत?"

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि स्वतःही त्यांच्या शेजारी टेकल्या. "आत बोलणं चाललंय. ते तोडायचं नाही."