घरचा नमुना

चारुशीलाने शिशाचा आकडा तीनदा वाचला. प्रयोगशाळेत ती रोज लोकांच्या पाण्याचे नमुने तपासायची; आज पहिल्यांदाच घरच्या विकतच्या जारचं आणि नळाचं पाणी आणलं होतं. जारच्या पाण्यात शिसं मर्यादेच्या चौपट निघालं.

चार वर्षांत तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. थोरलं आता बालवाडीत गेलं असतं. सासूबाईंनी नवस केले, डॉक्टरांनी औषधं बदलली. पाणी तेवढं तपासायचं राहिलं होतं.

तिने डॉक्टरांना फोन केला. "यामुळेच झालं, असं सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण गरोदरपणात शिसं धोक्याचंच. ते पाणी आधी बंद करा."

त्याच कंपनीचा जार वरच्या मजल्यावर नसीमाकडेही जायचा. तिला पाचवा महिना होता. तिचं पोट बघवत नाही म्हणून चारुशीला जिन्यातही तिला टाळायची. आज मात्र ती घरी न जाता थेट वर गेली.

"हे पाणी पिऊ नकोस. नळाचं मी तपासलंय, ते चांगलं आहे."

नसीमा घाबरली. "माझ्या बाळाला काही झालं असेल का, ताई?"

"उद्या रक्त तपासून घेऊ. मी येते तुझ्याबरोबर."

"पण सीलबंद पाणी तपासावं, हे तुम्हाला सुचलं कसं?"

जे शब्द चारुशीलाने आजवर कुणापाशीच उच्चारले नव्हते, ते ती म्हणाली, "मलाही दोन बाळं होती, नसीमा."