शेपटीला दोरी

अर्नाळा बेटावरची मथुबाय बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकायला टांगून झाले, की नणंदेच्या मोबाईलवर आइसलँडच्या एका बाईचे व्हिडिओ बघत बसायची. तीही बेटावरची, तीही मासेच सुकवणारी. फक्त ती जोडीजोडीनं शेपट्या बांधून टांगायची.

“एवढ्याशा उन्हात सुकतात कशे गो? नि खातात कशाशी?”

“वाऱ्यावर सुकतात. लोणी लावून खातात,” नणंद वाचून सांगायची. मथुबायचे प्रश्न संपता संपेनात.

शेवटी एका सकाळी तिला राहवेना. जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगायची पिढ्यांची रीत सोडून तिनं शेपट्यांना दोरी बांधली. लुसलुशीत बोंबील दुपारपर्यंत निसटून वाळूत पडले आणि मांजरांचं फावलं. सासूनं तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

नणंदेनं हसू आवरत आपल्या नेहमीच्या रीतीचा फोटो त्या बाईला धाडला. चौथ्या दिवशी तिकडून फोटो आला: बर्फात पडलेले दोन मोठाले मासे, शेजारी गलेलठ्ठ मांजर.

“तुमच्यासारखे जबडे अडकवून बघितले,” नणंद वाचू लागली. “सासूबाई दोन दिवस बोलत नाहीयेत.”

मथुबाय टाळी वाजवून किंचाळलीच, “अगो बाय, तिलाही सासू आहे!”